काकूचे चार उपास

उपास करणाऱ्या बाईले मी आता रागवत नाई, बाप्पा. एकदा रागावली, तेवढं पुरलं. क्लिनिकल न्यूट्रिशनचं एम.एस्सी. करत होती तेव्हा वॉर्डात पवनारच्या एका काकूचा आहार फॉर्मवर लिहून घेत होती. अंगात रक्त नाई, अन् आठवड्यात चार उपास!

"काऊन काकू, देव जेवू नको म्हणते का?" मी खेकसली.

त्या हळूच म्हणाल्या, "देवाचं काई नाई, पोरी. घरात भाकरी पुरत नाई. उपास हाय म्हटलं का लेकरं त्यायच्यातली अर्धी मले देत नाई, पोटभर खातेत."

फॉर्मवर न जेवण्याची तीनच कारणं छापली होती: भूक लागत नाही, गिळता येत नाही, धार्मिक.

मी 'धार्मिक'वर खूण केली अन् पुढच्या खाटेकडे गेली.