बाबांची पूजा चाललीय

हॅलो? … हॅलो, कोण? … अगं चिमे, तू होय! बोल ना. … नाही, दुकानातच आहे, इस्त्री चाललीय. थांब, ही वाफ बंद करते, काही ऐकू येत नाहीये. … हं, बोल आता. … रडतेस का? … चिमे, काय झालं? बाबा बरे आहेत ना?

… हो, हो… अगं ऐक ना, एकेक सांग. … खुर्चीत बसलेत. बरं. … भिंतीकडे तोंड करून. मग? … हात हलवताहेत? कसे म्हणजे? … हवेतच?

नाही गं, लगेच डोक्यावर परिणाम झाला असं कसं म्हणतेस! … हाक मारली तरी ओ देत नाहीत? … कपाळाला हात लावून बघितलास? … नाही ना ताप? मग बस जरा. … अॅम्ब्युलन्स कशाला? … थांब. थांब म्हणते ना! ताईचं एवढं ऐक. पडले नाहीत, श्वास नीट चाललाय. दोन मिनिटं माझ्याशी बोल, मग कर हवं त्याला फोन.

सकाळपासून काय काय झालं? … अंघोळ झाली. … चहा नको म्हणाले. म्हणजे बोलले तरी! … अच्छा, नुसती मान हलवली. … आणि देव कुठायत? … कपाटात? कधी ठेवलेस? … हो, दिव्याने पडदा पेटला ते सांगितलंस मला, पण देवच उचलून ठेवलेस ते कुठे सांगितलंस? … अगं, रागवत नाहीये मी. त्यांना दिसत नाही, काडी ओढताना हात थरथरतो. तुझ्या जागी मीही घाबरलेच असते. … काय म्हणाले तेव्हा? … काहीच नाही? … तेव्हापासून एक शब्द नाही?

… बरं. आता मला नीट बघून सांग, हात कसे हलताहेत? … मांडीजवळून काहीतरी उचलतात… आणि बाजूला ठेवतात. … सावकाश. … ठेवायच्या आधी डोळ्यांना लावतात? … चिमे…

… नाही, नाही, वाईट काही नाही. अगं, निर्माल्य काढताहेत ते! कालची फुलं. … पूजा करताहेत बाबा.

समोर काही नाही ते कळतंय गं मला. मानसपूजा म्हणतात तिला. मनातल्या मनात करायची. … असते, असते. तुला कुठून आठवणार, तू पाळण्यात होतीस. आपण बेकरीच्या भट्टीजवळच्या खोल्यांत राहायला गेलो ना, तेव्हा सामानाचा टेम्पो वाटेतच बंद पडला. देव त्याच्यात, भांड्यांच्या खोक्यात. बाबा बेकरीतून आले, अंघोळ केली आणि नुसत्या फरशीवर बसले. समोर कोरी भिंत. आणि असेच हात. मी फिदीफिदी हसले.

… रागावले? छे! म्हणाले, डोळे मीट म्हणजे दिसेल, आज देवाला सोन्याचं सिंहासन दिलंय. मी म्हटलं, बाबा, आपल्याकडे तर लाकडाचा पाट आहे. तर म्हणतात, मनातच द्यायचं तर हात आखडता कशाला घ्यायचा? … आई होती की! दारातूनच म्हणाली, मग मलाही घाला मनातल्या मनात दोन पाटल्या! … हो गं… अशीच होती ती. … हसलीस ना? हं. डोळे पूस.

आता काय चाललंय? … वरून धार धरल्यासारखं. म्हणजे अभिषेक. आधी बोलावलं, बसवलं, पाय धुतले, आता अंघोळ. घरी आलेल्या माणसाचं करतो तसंच की सगळं. बाबा म्हणायचे, पितळ काय, भांड्यांच्या दुकानातही असतं. आपण ये म्हणतो म्हणून देव येऊन बसतो त्यात. … मग? तू कपाट लावलंस म्हणून तो आत कोंडला होय? … टोमणा नाही गं! तुझ्या जिवाला लागलंय म्हणून सांगतेय.

एक मिनिट हं… काका, तो निळा शर्ट ना? झालाय, बटण तेवढं लावते. बसा ना. … हं, बोल.

मुठीत काहीतरी धरून गोल गोल फिरवताहेत? … चंदन उगाळताहेत. मला ना, चिमे, चंदनाचा नुसता वास कधी आठवतच नाही. त्यात पावाचा वास असतोच. नखांत मैदा असायचा बाबांच्या, कितीही घासला तरी. त्याच बोटाने गंध लावायचे. आपल्या अन्नपूर्णेच्या कपाळावर पिवळ्या गंधात पांढरा कण दिसायचा. मी काढायला गेले की म्हणायचे, असू दे, तिचंच आहे ते.

… काय म्हणालीस? दोन्ही हातांनी काय तोडताहेत? … परत सांग. … आणि फुंकर घातली?

… अगं पाव आहे तो! … पाव गं, भट्टीतला. त्याचाच नैवेद्य असायचा तेव्हा. तुला कळायला लागलं तोवर भट्टी बंद झाली, मग दूध-साखर सुरू झाली. आधी रोज येताना रुमालात बांधून एक आणायचे, पहिल्या घाण्याचा. शेजारच्या मावशी नाक मुरडायच्या, देवाला कुणी पाव दाखवतं का म्हणून. बाबा म्हणायचे, माझ्या हातचं हेच आहे, दुसऱ्याच्या हातचं कशाला देऊ त्याला? … आणि फुंकर घालायचे, देवाचं तोंड भाजेल म्हणून. आई ओरडायची, अहो, उष्टं होतं! … मग तोच तुकडा माझ्या हातावर. मी शाळेच्या रस्त्यावर खात जायची. …

… नाही, मी नाही रडत. वाफेने होतं असं. … किती वर्षं झाली गं… भट्टी नाही, ती खोली नाही, आई नाही. आणि त्यांच्या हातात तो अजून गरम आहे बघ.

… हात जोडले? ओठ हलताहेत? … फोन जवळ ने त्यांच्या. तू बोलू नकोस.

…

… हं. ऐकू आलं. काही राहिलं असेल, चुकलं असेल तर सांभाळून घे. शेवटी हेच म्हणतात रोज. … तुला उद्देशून नाही गं, वेडे, देवाला!

… आता लगेच नको उठूस. पूजा पुरी होऊ दे. मग देव आण आणि त्यांच्या मांडीवर दे ताम्हनासकट. दिवा तू लाव, तुझ्या हाताने, तुझ्या डोळ्यांसमोर. बाकीचं त्यांचे हात करतील. दिसायची कुठे गरज आहे, बघतेसच. … डॉक्टरांना दाखव ना, उद्या निवांत दाखव. आज काही नको.

… काय? तुझ्याकडे वळले? … बोटं पळी धरल्यासारखी? … तीर्थ देताहेत, चिमे. … तुलाच! दुसरं कोण आहे तिथे? … कळतं त्यांना, पावलांवरून कळतं. जा पुढे. उजवा हात कर, तळवा खोलगट. …

बोलले? खरंच बोलले? … काय म्हणाले? सांग ना! … "सांडू नकोस"? …

मग सांडू नकोस. … हो गं, हातात काही नाहीये, माहीत आहे मला. पी तू. … प्यालीस? … आता हात डोळ्यांना लाव. … आणि तसाच ओला केसांवरून फिरव. … आहे ना ओला? …

हं. ठेवते मी.