खांबावरचा झेनोन

—अगं बस म्हटलं ना, उठतेस कशाला! उठलीस की पुन्हा पडशील, आणि या खेपेला माझ्या बटाट्यांच्या पोत्यावर नाही, दगडावर पडशील. बस. डोकं गुडघ्यात घाल. हां. आता हे पी — कोकाची पानं उकळलीयेत — फुंकर मारून, घोट घोट. कडू आहे, ठाऊक आहे मला, मी काय सरबत म्हणून दिलं नाही. तुम्ही लोक पण ना — रोपवेतून उतरता काय, फोन तोंडापुढे धरून चढ धावत सुटता काय! हे एल आल्तो आहे, पोरी, डोंगरमाथा, हवा विरळ इथली. इथं आमच्या कोंबड्यासुद्धा दमानं चालतात. इथं धावतो तो एकटा चोर. म्हणून सांगते, धावायचं नाही — एक तर छाती फुटेल, नाहीतर आमच्या गल्लीतल्या बाया काठ्या घेऊन मागं लागतील, आणि मग छाती फुटली असती तर बरं झालं असतं असं वाटेल.

किंचाळलीस कशानं पण? — त्याला बघून? खांबावरच्या? अगं, माणूस नाही तो! बुजगावणं आहे, पेंढ्याचं. फास लावलाय म्हणून काय झालं, त्याला काय दुखतंय? गेल्या हिवाळ्यात एकामागून एक गॅसची सिलिंडरं गेली इथली, पोलिसाला बोलवावं तर तो सिलिंडरापेक्षा जड, चढ चढून येतोय कशाला. मग गल्लीनंच ठरवलं — लटकवा एक बुजगावणं, चोरानं बघावं आणि समजावं. घराघरातून एकेक वस्तू दिली लोकांनी. ती समोर पाव विकते ना, टोपीवाली, गळ्यात शिट्टी — प्रिमितिवाबाई — तिनं पेंढा दिला. शिंप्यानं डोक्याला उशी दिली. मी कपडे दिले. कोट चांगला आहे ना? असणारच, लग्नातला आहे. — कुणाच्या म्हणजे? माझ्याच. नवऱ्याचा कोट. — मेला नाही गं! छातीवर क्रूस काय काढतेस! जिता आहे चांगला.

ते जाऊ दे. तू माझं ऐक, तुझ्या कामाचं सांगते. खाली ला पाझमध्ये टॅक्सीत आधीच कुणी बसलेला असला तर चढायचं नाही — तो प्रवासी नसतो, ड्रायव्हरचा भाऊ असतो, दोघं मिळून लुटतात. साध्या कपड्यातला कुणी आला आणि म्हणाला, मी पोलीस, पिशवी दाखव — तर म्हणायचं, चल चौकीवर, आणि जोरात म्हणायचं, चार बायकांना ऐकू जाईल असं. पहिल्या दिवशी पोटभर खायचं नाही, दारू तर नाहीच. आणि मिशीवाल्यावर विश्वास ठेवायचा नाही. — का म्हणजे? असंच. अनुभव.

हो, बुजगावण्यालाही मिशी आहे. मीच काढली, कोळशानं. कोरं तोंड बरं दिसेना. — डावीकडून आखूड? बघ, तुझ्यासुद्धा लक्षात आलं! दाढी करताना त्याचा हात नेहमी डावीकडे जास्त चालायचा, मी सांगून थकले... म्हणजे, हात फिरला माझा काढताना. तशीच आली. प्रिमितिवाबाई खालून ओरडली, ‘कासिमिरा, हा तर तुझा झेनोन गं!’ मी म्हटलं, असू दे, चोरच आहे तो. माझं काय चोरलं ते मी सांगितलं नाही, आणि तूही विचारू नकोस.

आरिकाला गेला होता, समुद्रावर, ऑलिव्ह तोडायला. कार्निव्हलला येतो म्हणाला. कार्निव्हल आला, गेला, पुन्हा आला, पुन्हा गेला. लोक म्हणायचे, कोंबड्या विकणारी एक बाई आहे तिकडे. मी विचारायला गेले नाही. मी कशाला विचारू? — जाड आहे म्हणे. केस रंगवते. आणि तिच्याकडून तो कोंबड्या घ्यायचा, एवढंच, असं आता तो म्हणतो. म्हणू दे.

आता म्हणजे रविवारी आला ना तो! त्या रविवारी काय झालं — थांब, पाणी संपलं, आणखी ओतते — काय झालं, तर समुद्रावर राहून राहून हा इथली हवाच विसरला. जन्मला इथं, वाढला इथं, आणि चढ चढताना तुझ्यासारखा धापा टाकायला लागला! खांबाला हात टेकून उभा, जीभ बाहेर. गल्लीत आता निम्मे लोक नवे, त्यांनी झेनोनला कधी पाहिलेलंच नाही, त्यांनी पाहिलंय ते बुजगावणं. त्यांना दिसलं काय? बुजगावण्याखाली हुबेहूब तसाच एक, मिशीसकट, आणि घामाघूम, म्हणजे कुठून तरी पळून आलेला! वाजली शिट्टी. एकीची वाजली की सगळ्यांची वाजते. काठ्या आल्या, कपडे वाळत घालायची दोरी आली, बांधला त्याला खांबाला, बादलीभर गार पाणी ओतलं. मीही गेले. काठी घेऊनच गेले, मग काय हात हलवत जाऊ? — हो, मारलं. दोन-तीन. — आधी मारलं का आधी ओळखलं? ओळखलं आधी. म्हणून तर मारलं.

हसतेस काय! श्वास पुरत नाहीये तुला, हसू नकोस.

मग गल्लीचे अध्यक्ष आले. ते म्हणाले, हा आपल्यातला असेल तर कुणीतरी हमी द्या, सोडून देऊ. आणि सगळ्यांची तोंडं माझ्याकडे. प्रिमितिवाबाई तर डोळ्यांनी खुणावत होती मला, जशी काही मी बहिरीच. आणि मी म्हटलं... मी म्हटलं, मी नाही ओळखत याला. — असं बघू नकोस माझ्याकडे. तो बांधलेला होता ना, तो मला बघून हसला, ओल्या मिशीतून, जसा काही सकाळी पाव आणायला गेला होता आणि आता आला. मग मी काय म्हणायला हवं होतं?

तर आता गल्लीचा हुकूम आहे, हमी मिळेपर्यंत खांबाच्या पुढे, वर गल्लीत, पाऊल टाकायचं नाही. तो टाकत नाही. तिथंच बसतो, खांबाखाली, ते बघ, निळी टोपी — हात नको करूस! आज संध्याकाळी बैठक आहे. कुणी हमी दिली नाही तर आरिकाच्या बसमध्ये बसवून देणार. बसवू देत. मला काय. — त्याच्या हातातलं सूप? कोण म्हणालं सूप? ते पाठवते ते उरलेलं असतं. हल्ली जास्तच उरतं, अंदाज चुकतो माझा. वरवंट्यानं ठेचून वाळका बटाटा घालते जरा जास्त, त्याला तो आवडायचा, म्हणजे कुणालाही आवडतोच तो.

ए पोरी. इकडे बघ. बघ माझ्याकडे. ओठ निळे पडलेत तुझे. पानांनी काही होत नाही आता, तुला खाली न्यायला हवं, लगेच, रोपवेनं, ला पाझला, तिथून दवाखान्यात. एकटी नाही जायचं! चक्कर आली तर कोण आहे? मी दुकान सोडलं तर परत येईपर्यंत बटाटेसुद्धा राहणार नाहीत. शिंपी? तो दुपारपासून प्यायलेला आहे. अध्यक्ष? वाटेत तुला गल्लीचा सगळा इतिहास सांगतील, उभी मरशील. तो मोटारसायकलवाला? त्याच्यासोबत मी माझी शेळी पाठवायची नाही. माझ्या घरची पोर कुणासोबत पाठवली असती मी...

बैस. गप्प बैस जरा. विचार करू दे.

तो हळू चालेल. त्यालाही धाप लागते, तुला ओढणार नाही पुढे. आणि माझी आई आजारी असताना तिला पाठीवर घेऊन खाली उतरला होता तो, मध्ये कुठं टेकला नाही. खोटं बोलतो, येतो म्हणून येत नाही — पण माणूस पडलेला असला तर त्याला टाकून जात नाही. तेवढं आहे त्याचं. तेवढंच आहे.

ही शाल घे. गुंडाळ, डोक्यावरून. माझी आहे, माझ्या हातची विणलेली, तुला दिलेली नाही, नीट ऐक — खाली दवाखान्यात गरम झालीस की त्याच्या हातात द्यायची आणि म्हणायचं, कासिमिराची आहे, तिला नेऊन दे. दारापर्यंत. खांबापर्यंत नाही, दारापर्यंत.

प्रिमितिवाबाई! अगं ए! तोंडातली शिट्टी काढ! ही पोर त्याच्यासोबत खाली चाललीये आणि तो परत वर येणार आहे, कुणी वाजवायची नाही! — कोण म्हणजे? खांबाखालचा! — हमी? हो, देते! — हो म्हटलं ना, ओळखते! कितीदा ओरडायला लावशील, अख्ख्या गल्लीला ऐकू गेलं!

तू अजून इथंच? ऊठ. भिंत धर. आणि रडतेस कशाला, डोळ्यांत वारा जातोय माझ्या, तुझ्या कशानं जातोय? नीघ. हळू.