खेळणं कुणाचं?

सोलापूर स्टँडवर बार्शीची गाडी सुटायला अजून वेळ होता. गाडीत दीक्षाच्या पुढच्याच बाकावर एक म्हातारी आणि चाळिशीतलं जोडपं बसलं होतं. नवऱ्याच्या मांडीवर मोठं खोकं होतं आणि खोक्यावर आगगाडीच्या इंजिनाचं चित्र. म्हातारीला राहवलं नाही.

"लेकरासाठी घेतलंस का, बाबा?"

"व्हय, मावशी. पुतण्यासाठी."

"दर बारीला पुतण्याचं नाव कशाला घेता? मावशी, ह्यांचंच हाय ते. आत बारके ठोकळे असत्यात. ते जोडून इंजिन करायचं."

"रेश्मा, गप की."

"का म्हणून गप? मावशी, आख्खं कपाट भरलंय घरात. नावाजलेल्या कंपनीचं लई महाग, म्हणून हे सस्तातलं घेत्यात. पण काय निगुतीनं जोडत्यात!"

"सस्तातल्यात तुकडं कमी भरत असतील की रं?"

"एखादा निघतो कमी. मग मी दुसऱ्या रंगाचा बसवतो. लांबून कळत न्हाई."

"आन् तू गं? हे जोडतंय तवर तू काय करतीस?"

"मी तुकडं निवडून देते, रंगारंगाचं. घरात आमी दोघंच की, मावशी."

म्हातारीनं खोक्यावरच्या इंजिनावरून हात फिरवला. मागं बसलेली दीक्षा आता खिडकीबाहेर बघत नव्हती.

"मग उघड की खोकं. बार्शी काय लगीच येती व्हय?"

"गाडी हालली की सांडतील, मावशी."

"सांडतील कशानं?" म्हातारीनं मांडीवर पदर पसरला. "ओत हितं."