चालू स्थितीत नेलेले घड्याळ

मी, समाधान तोताराम भंगाळे, वय ४९ वर्षे, धंदा ठिबक नळ्यांचे दुकान, रा. पिंप्राळा, जळगाव. समक्ष हजर होऊन, म्हणजे एसटीनेच दारात आणून सोडल्यावरून, जबाब देतो की,

मोबाइल टॉवरच्या भंगारातून घेतलेले रुबिडियमचे अणुघड्याळ मी घरी सहा वर्षांपासून चालवतो. हा छंद आहे. त्यातून कोणाचेही भले झालेले नाही. धुळ्यास कॉलेजात शिकवणारे योगेंद्र सर यांच्याकडेही तसेच घड्याळ आहे. कोणाचे बरोबर, यावरून आम्ही रोज फोनवर भांडतो. शेवटी सर म्हणाले, "चालू ठेवूनच घेऊन ये. शेजारी शेजारी ठेवू, एकदाचा निकाल लावू." वाटेत बंद पडले तर घड्याळाने इतकी वर्षे धरून ठेवलेली वेळ जाते. म्हणून त्यास बॅटरी जोडून, डब्यात घालून मी आज सकाळी धुळे बसमध्ये बसलो.

पारोळ्याच्या पुढे शेजारच्या बाईंनी विचारले, "भाऊ, डबामा काय शे? लाल दिवा काबर लुकलुकस?"

"घड्याळ शे, अक्का."

"मंग काटा कोठे शेतस?"

काटे नाहीत, दर सेकंदाला दिवा लागतो, असे मी खरे सांगितले.

"मंग टाइम कसा समजस?"

मोबाइलवर पाहतो, असेही खरेच सांगितले. त्यावर बाई पिशवी उचलून ड्रायव्हरच्या मागे जाऊन बसल्या. कंडक्टर म्हणाले, "काका, ती वायर काढा नि बसा गुपचूप." मी नकार दिला. तेव्हा बस थेट या ठाण्यात आणण्यात आली. खोळंबलेल्या प्रवाशांनी माझ्याबद्दल व माझ्या आईबद्दल जे मत दिले, ते येथे नमूद करण्यासारखे नाही.

ठाण्यात मला चहा मिळाला. साहेब म्हणाले, "हे घड्याळच आहे असं सांगणारा धुळ्यात कोणी भला माणूस आहे का? नसेल तर बंद करा. तुम्ही करा, नाहीतर बॉम्बवाले करतील." असा माणूस आहे, असे मी सांगितले व योगेंद्र सरांचा नंबर दिला. साहेबांनी स्पीकर लावला.

सर म्हणाले, "कोण भंगाळे? ते नळ्यावाले? एकदोनदा फोन आला असेल. घड्याळाबिड्याळाचं मला काही माहीत नाही साहेब. मी नोकरदार माणूस."

त्यांच्या मागे टुक्, टुक् असा आवाज येत होता. तो त्यांच्या घड्याळाचा. ती आवाजाची सोय मागच्या दिवाळीत मीच त्यांच्या घरी बसून जोडून दिली आहे.

"मागे कसला आवाज?" साहेबांनी विचारले.

"इन्व्हर्टर."

मी डब्याकडे पाहिले. माझ्या डब्यातला दिवा जवळजवळ त्याच आवाजाबरोबर लागत होता. परंतु फोनवर आवाज उशिरा पोहोचतो, त्यामुळे ही तुलना ग्राह्य धरता येत नाही.

त्यानंतर वायर मी स्वतःच्या हाताने काढली. कोणी जबरदस्ती केलेली नाही. योगेंद्र सरांविरुद्ध माझी तक्रार नाही. कोणाचे घड्याळ पुढे होते, हे आता ठरणार नाही.

जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला, सांगितला तसाच उतरला आहे. फक्त सरांच्या नावामागे हवालदारांनी आपल्या मनाने 'माझे मित्र' असे लिहिले होते, ते माझ्या सांगण्यावरून खोडले आहे. खाडाखोडीवर माझी सही आहे.