नछत्तर परतला नाही

पंजाबात मोग्याला जाणाऱ्या बसमध्ये अमरो आपल्या कबड्डीपटू लेकासाठी तुपाचा डबा घेऊन बसली होती. पुढच्या सीटवर दोघी बोलत होत्या.

"चरणो, कॅनडातला कबड्डीचा कप आपल्या पोरांनी जिंकला म्हणे! तुझा नछत्तर कधी येतोय?"

"संघ परवाच आला, बहनजी. हा नाही आला."

"म्हणजे?"

"सामना झाल्यावर हॉटेलातून पळाला म्हणतात. फोन बंद आहे."

"अगं, तिकडेच राहिला असेल. नशीब काढलं पोरानं!"

"त्याचे बापूही तेच म्हणतात. गावभर लाडू वाटले त्यांनी."

"मग रडतेस कशाला?"

"सामन्यात गुडघा निखळला होता त्याचा. व्हिडिओवर बोलला, तेव्हा दोघांनी धरून उभा केला होता. तो पळेल कसा, बहनजी?"