बाईंचं घडीचं स्टूल

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर, ज्यांच्यासाठी आपण जमलो त्या आमच्या वकीलबाई, आणि समोर बसलेल्या वडीलधाऱ्यांनो, मित्रमैत्रिणींनो,

"कारण सांगितल्याशिवाय कुणाला डांबून ठेवायचं नाही, हे राज्यघटनेत लिहिलंय ना? मग दर वेळी कुणीतरी जाऊन ते सांगावं का लागतं?" हा प्रश्न माझ्या आईचा. घरातली पहिली पदवीधर मी, त्यातून वकील. उत्तर मला यायला हवं. येत नाही.

आईने तो पहिल्यांदा विचारला पोलीस ठाण्याच्या दारात. माझा दादा लिफ्ट दुरुस्त करतो. त्याचं काम चालू होतं त्या इमारतीत वरच्या मजल्यावर कुणाची तरी सभा झाली. सभावाले पसार, हाती लागला लिफ्टच्या खड्ड्यात उतरलेला दादा! गुन्हा काय? तर म्हणे, "चौकशी चालू आहे." बाबा कुजबुजले, "गप्प बसा, साहेब चिडतील." मी तेव्हा कायद्याच्या पहिल्या वर्षाला. कलम पाठ, आवाज गायब.

शेजारच्या काकूंनी बाईंना बोलावलं. बाई आल्या त्या काखेत घडीचं स्टूल मारून. नव्या मंडळींसाठी सांगते, बाई आल्या की हलत नाहीत म्हणून ठाण्यातली बाकंच हलवली होती. बाई भांडल्या नाहीत. त्यांनी स्टूल विकत घेतलं. साहेबांच्या टेबलासमोर ते उघडून बसल्या आणि म्हणाल्या,

"का धरलंय?"

"वरून आदेश आहे, बाई."

"वरून? लिफ्ट तर बंद आहे हो. आदेश उतरला कसा?"

हवालदार फिसकन हसला. साहेब नाही हसले.

"गुन्हा असेल तर सांगा आणि चोवीस तासांच्या आत न्यायाधीशांपुढे उभं करा. नसेल तर पोराला घरी सोडा. मी बसलेय." एवढं बोलून बाईंनी डबा उघडला. "घेता का थोडं?" हेही साहेबांना विचारलं!

दुपार कलताना दादा बाहेर आला. पहिलं वाक्य काय? "आई, ती लिफ्ट अर्धवट राहिलीय गं!"

बाई फक्त आपल्या माणसांसाठी बसल्या का? छे! त्यांच्याच फाटकात गाडी लावून वर भांडणाऱ्या शेजाऱ्यासाठीही बसल्या. सुटून आल्यावर त्याने गाडी पुन्हा तिथेच लावली, ही गोष्ट वेगळी.

आता थोडं संयोजकांशी. ते स्टूल आज फुलं वाहून इथे मांडायचं आणि उद्यापासून काचेच्या कपाटात ठेवायचं, असं ठरलं होतं. सकाळपासून तुम्ही ते शोधताय. काका, कपाटाची किल्ली परत ठेवा. सकाळी एका ड्रायव्हरची बायको, नवऱ्याला धरून नेलं म्हणून, रडत आली, तेव्हा मी ते उचलून ठाण्यात नेलं. साहेब नवे आहेत, पण स्टूल उघडताना पाहून म्हणाले, "हे तेच का?" मी म्हटलं, "तेच. का धरलंय?" ड्रायव्हरदादा शेवटच्या रांगेत बसलेत, बायकोशेजारी.

मला बोलायची संधी दिलीत, आपली ऋणी आहे. लहान तोंडी मोठा घास झाला असेल तर सांभाळून घ्या. बाई, तुम्हाला न विचारता नेलं, त्याबद्दल रागवा हवं तर. पण स्टूल आता माझ्या सायकलच्या कॅरिअरला बांधलंय.