सावकाश होऊ द्या

नाही, पण मला सांगा, होणाऱ्या सासूला इंग्रजी शिकवायची अवदसा मला आठवलीच कशी? इतकी वर्षं इथे चीनमध्ये, कुनमिंगला इंग्रजी शिकवूनच पोट भरतोय, पण शाळेतली पोरं निदान परीक्षेत चुकतात हो... दुआन मावशी, म्हणजे याच सासूबाई, चुकल्या थेट माझ्या आईसमोर! आणि चुकल्या तरी कसं म्हणू? तुम्हाला सांगतो, शब्द अगदी बरोबर होते.

आई वेल्सहून पहिल्यांदाच आलेली, गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, त्यात मावशींच्या इमारतीची लिफ्ट बंद. मी आणि यून, म्हणजे मावशींची मुलगी, आमचं ठरलेलं की मध्ये बसून मी दोघींचं एकमेकींना सांगायचं. तर मावशी म्हणाल्या, "तू गप्प बस, ग्विलिम. विहीणबाईंशी मी स्वतः बोलणार." झालं. दार उघडलं, आईचा हात धरला आणि एका दमात इंग्रजीत, "तुम्ही म्हातारी. तुम्ही बसा."

आता इकडे म्हातारं म्हणणं म्हणजे मान देणं. शब्द अगदी बरोबर. पण आईनं सकाळीच केस सेट करून घेतले होते ना...

बसलो. अळंबी परतलेली, तांदळाच्या शेवया, अख्ख्या माशाचं तोंड मानानं आईकडे वळवलेलं. आई जरा सैलावली, काड्या जमेनात म्हणून चमचा घेतला, दोन घास खाल्ले, तोच मावशी हसून, "ईट स्लोली." आईचा चमचा हवेतच. म्हणायचं काय होतं? सावकाश होऊ द्या, एवढंच ना? पण इंग्रजीत ऐकू काय येतं? हावरटासारखं खाऊ नका! आई माझ्याकडे बघतेय, मी शेवयांकडे बघतोय, यून टेबलाखालून लाथा मारतेय, त्याही मलाच.

आणि मावशी तर रंगात आलेल्या. माझा गाल धरून म्हणतात, "तुमचा मुलगा लठ्ठ. मी केला."

"दिसतंय," आई म्हणाली आणि उठलीच. गुडघा दुखतोय म्हणे. पण तो आवाज मी लहानपणापासून ओळखतो, तो गुडघ्याचा नव्हे. दाराशी मावशींनी पाठ केलेलं निरोपाचं वाक्य म्हटलं, "वॉक स्लोली."

शब्द अगदी बरोबर!

जिन्यात आई म्हणते, "माझ्या पायाची चेष्टा करते ती?" मग मी तिथेच कठड्याला धरून भडाभडा... अगं आई, ती म्हणतेय सावकाश जा, म्हणजे घाई काय आहे, म्हणजे बसा ना अजून... यूनचे वडील गेल्यापासून या घरात कुणी पाहुणा जेवलेला नाही, आणि ही बाई महिनाभर आरशासमोर उभी राहून हीच वाक्यं घोकत होती...

आईनं उचललेला पाय परत पायरीवर ठेवला. मग म्हणाली, "आणि लठ्ठ?"

"लठ्ठ म्हणजे तुझ्या मुलाला नीट सांभाळलंय."

"हं."

फिरली, आणि त्याच गुडघ्यानं परत वर. मावशी ताटं आवरत होत्या, डोळे पुसत होत्या. आईनं खुर्ची ओढली, मासा पुढ्यात घेतला आणि म्हणाली, "म्हातारी आहे मी. बसते."

मग काय विचारता, संध्याकाळपर्यंत दोघी बोलताहेत, ही वेल्शमध्ये, ती कुनमिंगच्या बोलीत, आणि मी समजावून सांगायला तोंड उघडलं की दोघीही हातानंच मला गप्प करताहेत. भिंतीवरचं कॅलेंडर उतरवलं, बोटं मोजली, हसल्या, एका तारखेवर गोल काढला आणि परत टांगायच्याऐवजी ते मावशींनी कपाटात ठेवून दिलं. लग्नाचा दिवस ठरलाय म्हणे. कोणता, ते मला अजून कुणी सांगितलेलं नाही.